पुढच्या डाव्या चाकाआडून

मी एक कॅलिपर बोलतोय. नाव ऐकून गोंधळू नका. गाडीच्या पुढच्या चाकाच्या फटींतून आत डोकावलंत तर एक चकचकीत पोलादी तबकडी दिसेल. ती डिस्क. तिच्या कडेला खेकड्याच्या नांगीसारखा चिकटलेला लोखंडी ठोकळा दिसेल, तो मी. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला की नळीतून तेल माझ्या पोटात येतं, माझा पिस्टन पुढं सरकतो आणि माझ्या जबड्यातले दोन ब्रेकपॅड त्या तबकडीला दोन्हीकडून आवळतात. पाय उचलला की मी सोडतो. धरायचं आणि सोडायचं, एवढंच माझं काम.

ऐकायला सोपं वाटतं. पण मला जन्मापासून चैन नाही. गाडी फाटकाशी उभी असली, आतली माणसं जेवत असली, तरी मी कानोसा घेत असतो. आता कुणी बसेल का? आता पाय पडेल का? हाक आली आणि मी उठलोच नाही तर? इंजिन रुसलं तर गाडी जागची हलत नाही. मी रुसलो तर ती थांबत नाही. या दोन गोष्टींतला फरक माझ्या मनातून क्षणभरही जात नाही.

माझा जन्म साताऱ्याच्या एमआयडीसीतला. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं, निवल्यावर वाळू झाडली, मग यंत्रांनी मला कोरलं, भोकं पाडली, घासलं. शेवटच्या टेबलाशी सुलाबाई नावाच्या बाई बसायच्या. हातात मोजपट्ट्या होत्या, चष्मा होता, तरी त्यांचा भरवसा आपल्या बोटावर. त्यांनी माझ्या पोटात करंगळी गोल फिरवली, कुठं ओरखडा लागतोय का ते पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्यो जाऊ द्या." माझ्याविषयी कुणी बोललेले ते पहिले शब्द.

तिथून पुण्याकडं गेलो आणि एका पांढऱ्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाआड बसलो. उजवीकडं माझा जोडीदार. आम्ही दोघं कधी एकमेकांना पाहिलेलं नाही. पण एकाच पायाच्या हुकमानं दोघं एकदम आवळतो, त्यामुळं तो कसा आहे हे मला ठाऊक असतं.

पहिले मालक जयराजदादा, सांगलीकडचे. कृष्णाकाठी ऊस, सरळसोट सपाट रस्ते. दादांना ब्रेकपेक्षा हॉर्न प्रिय. समोर बैलगाडी आली की हॉर्न, म्हैस आली की हॉर्न, पाहुणा दिसला की हॉर्न. मला काम असं नव्हतंच. कारखान्याचा हंगाम सुरू झाला आणि उसाच्या ट्रॅक्टरमागं रांग लागली की तेवढे चार महिने थोडी धावपळ. चार वर्षांनी दादांनी मोठी गाडी घेतली आणि मला महाबळेश्वरच्या रसूलभाईंनी नेलं. टॅक्सी म्हणून.

तेव्हा कळलं, सपाटीवर आपण नुसते बसून खात होतो.

रसूलभाई गाडीवर जीव टाकणारा माणूस. सकाळी उठून आधी काच पुसायचे, मग तोंड धुवायचे. पण स्टँडवरच्या सगळ्या ड्रायव्हरांची एक सवय त्यांनाही होती. पसरणीचा घाट उतरायला लागला की गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची. पेट्रोल वाचतं म्हणे. इंजिन निवांत आणि सगळा भार आम्हा पुढच्या दोघांवर. वळणावर वळण, पाच प्रवासी, टपावर बॅगा. वाईला पोचेपर्यंत मी तापून लाल व्हायचा बाकी असायचो. मग रसूलभाई प्रेमानं उतरायचे आणि माझ्यावर बादलीभर गार पाणी ओतायचे. माझा नुसता चर्र आवाज यायचा. त्यांना वाटायचं, बरं वाटलं याला.

आणि तिथला पाऊस तर तुम्हाला माहीत आहे. चार महिने लोखंडाला कोरडं ठाऊक नसतं.

माझी एक गोष्ट इथं सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी एका जागी ठोकलेला नसतो. दोन गुळगुळीत पिनांवर मी थोडासा आत-बाहेर सरकतो. सरकलो तरच दोन्ही पॅड सारखे आवळले जातात आणि सरकलो तरच सुटतात. त्या पिनांना रबरी टोप्या असतात. एका पावसाळ्यात माझी एक टोपी फाटली, पाणी शिरलं, गंज धरला आणि ती पिन जाम झाली. धरत होतो, पण सोडता येईना. पाय उचलला तरी माझा बाहेरचा पॅड तबकडीला घासतच राहायचा. चढावर घासतोय, सपाटीवर घासतोय. विसावा नाही तो नाहीच. दोन वर्षं मी असा जळत होतो आणि कुणाला पत्ता नव्हता.

पहिला पत्ता लागला मदिनाबींना. त्या रसूलभाईंच्या पत्नी. मोतीबिंदूनं त्यांची नजर धूसर झाली होती आणि तेव्हापासून नाक फार तिखट झालं होतं. पाचगणीहून परत येताना त्या मागच्या सीटवरून म्हणाल्या, "आवं, काहीतरी जळतंय."

"पुढच्या ट्रकचं असंल."

"पुढं ट्रक न्हाई. मला दिसत नसलं तरी एवढं कळतंय."

त्यांच्या शेजारी त्यांची लेक अर्फा बसली होती. कोइंबतूरला इंजिनिअरिंग शिकून, चेन्नईच्या एका कारखान्यात दोन वर्षं ब्रेकच तपासून, ती एप्रिलमध्ये घरी परत आली होती. पाहुणी म्हणून नाही, कायमची. दोन बॅगा घेऊन आली होती. एकीत कपडे, दुसरीत पाने आणि हत्यारं. दुसरी जड होती.

घराशी गाडी थांबली तशी ती खाली उतरली आणि प्रत्येक चाकापाशी हाताची मागची बाजू नेऊन पाहिली. उजवं चाक कोमट. माझ्यापाशी आली आणि झटकन हात मागं घेतला.

"अब्बा, हा सोडत नाहीये."

माझ्या दुखण्याला पहिल्यांदा कुणीतरी नाव दिलं होतं.

ही माणसं घरात आपसांत दखनी बोलतात. पण गाडीचा विषय निघाला की मराठीवर येतात, कारण गाडी म्हणजे स्टँड आणि स्टँड म्हणजे मराठी. म्हणून माझ्या कानावर त्यांचं सगळं मराठीच आलं.

त्या संध्याकाळी अंगणात चहा चालला होता. शेजारचे कृष्णातकाका आले होते. फौजेत चोवीस वर्षं गाड्या दुरुस्त करून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आता स्ट्रॉबेरीचा मळा बघणारे.

"मी उघडते," अर्फा म्हणाली. "इथंच, अंगणात. नवे पॅड साताऱ्याहून आणते. दोन्ही बाजूंचे."

"साताऱ्याला जातीयस तर मिस्त्रीकडंच टाकू की गाडी," रसूलभाई म्हणाले. "बुधवारी तुझ्या अम्मीच्या डोळ्याचं ऑपरेशन हाय. घाट उतरायचाय. हे काय कॉलेजातलं प्रॅक्टिकल न्हाई."

"चेन्नईत मी पास केलेल्या ब्रेकवर लोक हायवेला जातात, अब्बा."

"ते लोक माझ्या वळखीचे न्हाईत."

मदिनाबी हसल्या. कृष्णातकाका बशीत चहा ओतत म्हणाले, "रसूलभाई, भ्या वाटतंय व्हय? पोरगीला नुसतं शिकवायला पाठवलंस, का तिचं शिक्षाण वापरायचं बी हाय?"

रसूलभाईंनी कपात फुंकर मारली. मला ठाऊक होतं ते काय टाळताहेत. घराला लागून एक शेड आहे. त्यात जळणाची लाकडं आणि जुने टायर. अर्फाला तिथं गॅरेज काढायचं होतं. हॉटेलात, मळ्यांवर, शाळेत कामाला जाणाऱ्या कितीतरी बायका या डोंगरात स्कूटर चालवतात आणि ब्रेक बिघडला की पाय घासत उतारावरून येतात, असं ती सांगायची. त्यांच्या गाड्या दुरुस्त करायच्या आणि त्यांनाही शिकवायचं. "शिकलेल्यांनी लांबच राहायचं हे ठरवलं कुणी?" असं ती विचारायची तेव्हा तिचा आवाज चढायचा, आणि रसूलभाई म्हणायचे, शेडमध्ये माझी लाकडं हायत.

आज मात्र त्यांनी कप खाली ठेवला. "बरं. तूच खोल, तूच ब्रेक बांध. बुधवारी तुझ्या हातच्या ब्रेकवर तुझी अम्मी घाट सुखरूप उतरली, तर शेड तुझी. न्हाईतर चेन्नईच्या साहेबाला फोन लाव."

"अशी पैज लावायला मी काय बक्षीस हाय?" मदिनाबी म्हणाल्या. पण मग त्यांनीच ठरवून टाकलं. "अर्फाच बांधंल. मी बसते."

माझ्या जाम झालेल्या पिनेवर आता एका बाईचा जीव आणि एका मुलीचं आयुष्य येऊन बसलं होतं.

रविवारी सकाळी काम सुरू झालं. मागच्या चाकांना दगड लावले. गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट सैल केले, मग जॅक चढवला आणि लगेच गाडीच्या पोटाखाली लोखंडी घोडी सरकवली. "जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही," ती म्हणाली. रसूलभाईंनी अठ्ठावीस वर्षं नुसत्या जॅकवर चाकं बदलली होती. ते दुसरीकडं बघू लागले.

चाक निघालं आणि मला कितीतरी दिवसांनी ऊन लागलं.

तिनं एका वेळी एकच बाजू उघडली. विसर पडला तर दुसऱ्या बाजूला बघता येतं म्हणून. मला सोडवल्यावर नळीवर लोंबकळत ठेवलं नाही. जाड तारेनं वरच्या स्प्रिंगला टांगलं. नळी म्हणजे माझी नाळ आहे. तिच्यावर माझं ओझं पडलं तर ती आतून फाटते आणि बाहेरून कळतही नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा निवांत टांगला गेलो, पण निवांतपणा कसला. पिन निघता निघेना.

"ठोक," रसूलभाई म्हणाले.

"नाही ठोकायची."

तिनं गंजावरचं औषध सोडलं, वाट पाहिली, पान्यानं अर्धी फेरी पुढं, पाव फेरी मागं, पुन्हा वाट. तासाभरानं पिन सुटली तेव्हा मला जे वाटलं, ते दोन वर्षं मूठ आवळून ठेवलेल्या माणसाला बोटं उघडताना वाटत असेल.

मग पिना घासल्या, पुसल्या, त्यांच्यासाठी असलेलंच ग्रीस बोटानं पातळ लावलं. नव्या टोप्या बसवल्या. जुना पॅड पिस्टनवर आडवा धरून शिकंज्यानं पिस्टन सावकाश आत दाबला आणि त्या वेळी मदिनाबींना बॉनेटपाशी उभं केलं. "अम्मी, बाटलीतलं ब्रेकचं तेल वर येतंय का बघ."

"मला धूसर दिसतंय."

"हात लावून बघ. ओलं झालं की सांग."

नवे पॅड बसले. मी माझ्या जागी आलो. नळीला पीळ पडला नाही ना, हे तिनं वरपासून खालपर्यंत बोटानं पाहिलं. बोल्ट आवळायला तिनं बॅगेतून ओढणीत गुंडाळलेला लांब पाना काढला. ठरलेला जोर झाला की तो टक् असा बोलतो. त्याहून कमीही नाही, जास्तही नाही. मला तो पाना फार आवडला. आजवर मला जो तो आपल्या दंडाच्या हिशोबानं आवळत आला होता.

दोन्ही बाजू झाल्या, चाकं चढली. रसूलभाई घाईनं आत बसले आणि किल्लीला हात घातला.

"थांबा," अर्फा ओरडली. "आधी ब्रेक दाबा. गाडी चालू न करता."

त्यांनी दाबला. पाय तळाला गेला. चेहरा उतरला त्यांचा. "यात काहीच न्हाई की गं."

"पिस्टन मागं ढकललाय ना, तो अजून पुढं आलेला नाही. दाबत राहा."

दुसऱ्यांदा तळाला. तिसऱ्यांदा थोडा अडला. चौथ्यांदा दगडासारखा घट्ट. आतून मी आणि माझा जोडीदार एकदम तबकडीला भिडलो होतो. तिनं तेलाची पातळी पाहिली, मग माणूस चालतो त्या वेगानं गल्लीत चारदा गाडी नेऊन थांबवली. बोल्ट सैल झाला तर कळावं म्हणून तिनं त्यावर पांढऱ्या खुणा केल्या होत्या, त्या कृष्णातकाकांनी गाडीखाली वाकून तपासल्या आणि म्हणाले, "ओके रिपोर्ट, साहेब." तिला साहेब म्हणणारा तो पहिला माणूस. मी त्या संध्याकाळी मोकळा होतो. धरत होतो आणि सोडत होतो.

इथंच गोष्ट संपली असती तर मी बोलायला बसलोच नसतो.

मंगळवारी अर्फा पाचगणीला गेली. मे संपत आला होता आणि दर वर्षी या दिवसांत स्टँडवरचे सगळे ड्रायव्हर एक काम करतात. जुनं इंजिन ऑइल आणि डिझेल एकत्र करून पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला मारतात, गंज चढू नये म्हणून. मारायला मळ्यावरचा पाठीवरचा फवारणी पंप. रसूलभाईंनी कृष्णातकाकांचा पंप आणला आणि गाडीखाली सरकले.

डिस्कवर तेल जाऊ द्यायचं नाही, एवढं त्यांना कळत होतं. दर वर्षी ते चाकांपाशी हात आखडता घेत. पण या वर्षी चाकाच्या फटीतून त्यांना मी दिसलो. घासून पुसून लख्ख केलेला, उघडा, नव्यासारखा. लेकीच्या हातचं काम. त्यांचा जीव कळवळला. "एवढं पोरीनं घासलंय, चार दिवसांत खाईल की गंज," ते स्वतःशीच म्हणाले. माझ्या पाठीवर थोडंसं मारावं म्हणून त्यांनी नळी आत घातली.

पंपाच्या तोंडात कचरा अडकला होता. तो एकदम सुटला आणि तेलाची चूळ डिस्कवर आली.

मी ओरडलो असतो. पण मला ओरडता येतं ते फक्त घासल्यावर.

रसूलभाई दचकले. इकडंतिकडं बघितलं. फडकं आणून डिस्क पुसली, फटीतून हात पोचेल तेवढी. पुन्हा पुसली. वरून स्वच्छ दिसायला लागली. त्यांनी फडकं हुंगलं, गाडी हातभर पुढं-मागं ढकलून पाहिली आणि मान हलवली, म्हणजे झालं, निघालं. उजवीकडं त्यांनी पंप नेलाच नाही.

पण पॅड हा दगड नसतो. तो भाकरीसारखा असतो, तेल पिऊन घेतो. फडकं फिरलं तोवर माझ्या नव्या पॅडनी पोटभर पिऊन घेतलं होतं. संध्याकाळी अर्फा घरी आली तेव्हा रसूलभाई म्हणाले, "खालून तेल मारलं गं गाडीला, दर वर्षीचं." ती म्हणाली, "चाकांपाशी नाही ना गेलात?" आणि त्यांनी चहा मागितला.

दुसऱ्या दिवसाची वाट मी कशी पाहिली ते सांगत नाही.

बुधवारी साडेसहाला मदिनाबी नवी साडी नेसून ओट्यावर बसल्या. पिशवीत कागद, डबा, पाण्याची बाटली. कृष्णातकाका फाटकाशी उभे. रसूलभाईंनी गाडी चालू केली.

"अम्मी, अजून बसू नको," अर्फा म्हणाली. "आधी रिकामी गाडी गल्लीत एकदा थांबवून बघू."

"रविवारी बघितली की," रसूलभाई म्हणाले. त्यांच्या आवाजात आज जोर नव्हता.

"घाटाआधी बघायचीच."

गल्ली किंचित उताराची. गाडी दहा-बारा हात गेली आणि पाय पडला. मी जीव एकवटून आवळलं. तबकडी माझ्या जबड्यातून साबणासारखी निसटत होती. उजवीकडं जोडीदारानं घट्ट धरलं, डावीकडं मी नुसताच घसरत राहिलो, आणि गाडी झटक्यानं उजवीकडं ओढली गेली. स्ट्रॉबेरीच्या रिकाम्या क्रेटांची थप्पी पाडून थांबली.

अर्फा धावत येऊन माझ्यापाशी गुडघ्यावर बसली. नळी पाहिली. बोल्ट पाहिले, पांढऱ्या खुणा जागच्या जागी. तेल पाहिलं, पुरतं होतं. मग तिनं चाकाच्या फटीतून डिस्कवर बोट फिरवलं आणि बोटाकडं बघत राहिली. बोट चमकत होतं.

"ग्रीस," ती म्हणाली. "पिनांना ग्रीस लावलं त्याच हातानं मी पॅड धरले असणार."

"तू हात धुतले व्हतेस. मी पाणी घातलं," मदिनाबी ओट्यावरून म्हणाल्या.

"नीट धुतले नसतील. दुसरं काय असणार?" ती उठली. चेहरा पांढरा पडला होता. "गाडी घाटात गेली असती तर, अम्मी? मिस्त्रीकडंच द्यायला हवी होती. शेडचं राहू दे, अब्बा. मी उद्या फोन लावते चेन्नईला."

ती मुलगी माझ्यासमोर उभी राहून न केलेला गुन्हा कबूल करत होती. खरं कोण जाणत होतं? मी, आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला तो माणूस. मला तोंड नाही. त्याला होतं.

रसूलभाई खाली उतरले नाहीत. काचेतून समोर बघत राहिले. हा माणूस आयुष्यभर स्टँडवर सांगत आला होता की गाडी मला कळते. पडलेली थप्पी उचलायला कृष्णातकाका वाकले, तेवढाच आवाज. गप्प राहणं किती सोपं होतं. लेक घरातून लांब गेली असती, पण पगारावर गेली असती. शेडमध्ये लाकडं राहिली असती. कुणाचं काही अडलं नसतं.

दार उघडलं.

"ग्रीस न्हाई ते," रसूलभाई म्हणाले. "तेल हाय. मी मारलं. पंप सटकला."

अर्फानं वळून पाहिलं.

"काल पुसलं मी. वाटलं, निघालं." ते तिच्याकडं बघत नव्हते, पडलेल्या क्रेटांकडं बघत होते. "तू विचारलंस तवाच सांगायला पायजे व्हतं. तुझं काम लय चांगलं हाय, बेटा. मी ते नासवलं."

"आवं, कशाला मारलंत पण तिथं?" मदिनाबी.

"गंज चढंल म्हणून."

कृष्णातकाका क्रेट रचत म्हणाले, "बायकोला कधी एवढं तेल लावलं न्हाईस गड्या, जेवढं या गाडीला लावतोस."

"गाडी बोलून दाखवत न्हाई," रसूलभाई पुटपुटले.

"मी ऐकतीय हां," मदिनाबी म्हणाल्या, आणि पिशवी उचलून उभ्या राहिल्या. "चला. साडेसातची साताऱ्याची एसटी हाय. डोळा माझा, थांबणार न्हाई."

अर्फा हसली का रडली, मला खालून दिसलं नाही. तिनं एवढंच म्हटलेलं ऐकू आलं, "अब्बा, पॅड दोन्ही बाजूंचे नवे आणावे लागतील. तेल प्यालेला पॅड कितीही घासला तरी भरवशाचा नाही."

"तू सांगशील ते आणू."

तिघं एसटीनं गेली. मदिनाबींच्या बहिणीकडं साताऱ्यात मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तोवर मी त्या तेलात बसून होतो. कृष्णातकाका सकाळ-संध्याकाळ फाटकातून डोकावून जात, जसं कुणी आजाऱ्याला बघून जातं. मदिनाबी आल्या त्या काळा चष्मा लावून. पिशवीत नवे पॅड.

या वेळी अर्फानं डिस्क खास औषधानं धुतली, पुसली, पुन्हा धुतली. मला तारेनं टांगून आतबाहेर साफ केलं. तेल लागलेल्या रबरी टोप्या पुन्हा बदलल्या. रसूलभाई शेजारी पाटावर बसून एकेक वस्तू हातात देत होते आणि प्रत्येक वस्तू देताना विचारत होते, "ह्यो कशाला?" आणि ती सांगत होती. लांब पाना टक् झाला तेव्हा ते म्हणाले, "पुन्हा वाजव." तिनं पुढचा बोल्ट त्यांना आवळायला दिला.

पुढच्या बुधवारी डोळा दाखवायला आम्ही पसरणीचा घाट उतरलो. मागं मदिनाबी, पुढं अर्फा. रसूलभाईंनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली आणि इंजिनला त्याच्या वाटचं ओझं उचलायला लावलं. पहिल्या वळणावर पाय पडला. मी धरलं. वळण संपलं, मी सोडलं. दुसरं वळण. तिसरं. समोरून एक बस अंगावर आल्यासारखी आली आणि पाय जोरात पडला; आम्ही दोघांनी एकदम आवळलं आणि गाडी सरळ रेषेत जागच्या जागी थांबली. मदिनाबींची पिशवी सीटवरून खाली गेली.

"वाईचं देऊळ दिसतंय मला," त्या पिशवी उचलत म्हणाल्या. "कळस दिसतोय. आवं, हळू जावा जरा, बघू द्या."

रसूलभाईंनी पुन्हा हलकेच ब्रेक दाबला.

आता लाकडं अंगणात आहेत, ताडपत्रीखाली. शेडमध्ये रोज दोन-तीन स्कूटर असतात, आणि बायकांचे आवाज. मी फाटकाशी उभा असतो. अजूनही कानोसा घेतो, अजूनही चैन नाही. ती मला लाभायचीच नाही आणि लाभूही नये.

तुमच्या चाकाआडही माझा कुणी भाऊ बसलेला आहे. त्याला हात लावायचा तर जरूर लावा. घाबरून दूर राहू नका. घरी बांधलेला ब्रेक वाईट नसतो. चाकं हलायच्या आधी पाय घट्ट लागेपर्यंत दाबा, आणि पहिलं थांबणं सपाटीवर, रिकाम्या गाडीत करा. आणि चुकून काही सांडलं, राहिलं, वाकडं बसलं, तर गाडीत माणूस बसायच्या आधी तोंड उघडा. रसूलभाईंना त्या सकाळी फार तर दोन मिनिटं लागली असतील. पण ती दोन मिनिटं मी जशी काढली, तशी माझ्या कुठल्याच भावावर येऊ नयेत.

कुणीतरी दार उघडतंय. पाय पडायची वेळ झाली. येतो.